दिवाळीच्या सुट्टीत घरच्या सामानाचा कंदील आणि किल्ला

प्रश्न असा आहे: घरात सात आणि अकरा वर्षांची दोन मुलं, दिवाळीची सुट्टी लागणार, विकतचं किट आणायचं नाही. घरात असलेल्या वस्तूंतून काय करता येईल आणि दिवाळी संपल्यावर त्याचा कचरा कसा होणार नाही?

प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून आधी तोच घेऊ. वस्तू पर्यावरणपूरक आहे की नाही, हे ती कशाची बनवली यावर जितकं ठरतं तितकंच ती कशाने जोडली आणि तिच्यावर काय फासलं यावर ठरतं. कागदाचा कंदील ग्लू गनने चिकटवला, वर चमकी टाकली की तो कागद रद्दीतही जात नाही आणि मातीतही जात नाही. चमकी म्हणजे प्लास्टिकचाच भुगा. ‘टाकाऊतून टिकाऊ’मध्ये हीच गफलत होते. पाण्याची रिकामी बाटली भंगारवाला घेतो. तीच कापून, रंगवून, वर मणी चिकटवले की कोणी घेत नाही. तेव्हा बाटल्या, स्ट्रॉ, जुन्या सीडी यांना हात लावू नका, त्या सरळ भंगारात द्या. सजावटीचा थर्माकोल तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंद आहे, महाराष्ट्रात त्याच्याही आधी २०१८ मध्ये बंदी आली.

घरातला कागदही तपासून घ्या. कोपरा फाडून पाहायचा. फाटलेल्या कडेला तंतू दिसले तर कागद. कड ताणली गेली, पातळ पापुद्रा सुटला, तर वर प्लास्टिकचा थर आहे. चकचकीत लग्नपत्रिका बहुधा इथेच नापास होतात. मिठाईच्या खोक्यातली सोनेरी पट्टी आणि हल्ली ‘जिलेटीन पेपर’ म्हणून मिळतो तो बहुतेक माल, दोन्ही बाद. वर्तमानपत्र, वह्यांची पाठकोरी पानं, खाकी पाकिटं, बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा हे सगळं चालतं.

आता कंदील. सुट्टीतलं मोठं काम हेच, कारण त्यात मोजणं, बांधणं, चिकटवणं, कातरणं असं दोन्ही वयांना पुरेल इतकं आहे. आकार पारंपरिकच घ्या: सहा चौकोन टोकाला टोक बांधून होणारा. त्यात सहा चौकोन आणि त्यांच्यामध्ये आपोआप तयार होणारे आठ त्रिकोण असतात.

काड्यांसाठी बांबूच्या कामट्या मिळाल्या तर उत्तम; पुण्यात बुरूड आळीत किंवा कुठल्याही गावात बुरुडाकडे मिळतात. पण प्रश्न घरच्या सामानाचा आहे, तर जुना खराटा घ्या. त्याचे हीर धुऊन, दिवसभर उन्हात वाळवून घ्यायचे. साधारण तीस चांगले हीर लागतील. हिराची एक खोड असते: बुडाला जाड, टोकाला बारीक. एकच हीर वापरला तर चौकोनाची एक बाजू ताठ आणि दुसरी लवचिक होते, कंदील एका अंगाला कलतो. म्हणून दोन हीर उलटसुलट ठेवायचे, एकाच्या बुडाशी दुसऱ्याचं टोक. जाडी सारखी होते आणि काडी दुप्पट ताठ.

दुसरी खोड म्हणजे हिराची वरची साल गुळगुळीत असते, तिच्यावर खळ धरत नाही. कागद पहिल्या दिवशी चिकटलेला दिसतो आणि वाळल्यावर सबंध कड सुटून येते. उपाय सोपा आहे. वर्तमानपत्राच्या दोन सेंटिमीटर रुंद पट्ट्या कापा, खळ लावा आणि हिरांच्या जोडीवर तिरप्या गुंडाळत न्या. दोन्ही हीर एकत्र बांधले जातात आणि कागदाला चिकटायला कागद मिळतो. हे काम सात वर्षांच्या मुलाला सहज जमतं, फक्त खाली जुनी चादर अंथरा. गुंडाळलेल्या काड्या रात्रभर वाळू द्या, ओल्या काड्यांचे चौकोन बांधायचे नाहीत.

मापं अशी. चौकोनाची बाजू २० सेंमी. काडी २२ सेंमीची कापायची आणि दोन्ही टोकांपासून १ सेंमीवर पेनाने खूण करायची. अशा २४ काड्या लागतात. शिवाय ३१ सेंमीची एक, वरच्या चौकोनात कर्णावर बसवायला. कापायला बागेची कात्री किंवा कोयता लागतो, ते काम मोठ्यांचं.

खळ घरच्या मैद्याची. दोन टेबलस्पून मैदा आधी अर्धी वाटी गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग एक वाटी पाणी घालून मंद आचेवर सतत ढवळत शिजवा. चारपाच मिनिटांत पांढरा रंग जाऊन ती अर्धपारदर्शक आणि चकचकीत होते, तेव्हाच उतरवा. घाईने पांढरी असतानाच उतरवलेली खळ म्हणजे नुसतं पीठ आणि पाणी. वाळली की पावडर होऊन झडते. शेवटी चिमूटभर तुरटीची पूड घातली की बुरशी उशिरा धरते. पूर्वी झुरळं आणि कसर लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालत. मोरचूद विषारी आहे, मुलं हात घालणार त्या खळीत ते घालू नका. थोडी थोडी खळ करा, फ्रीजमध्ये झाकून ठेवा, तीन दिवसांच्या आत संपवा. वास आला की गेली.

चौकोन बांधण्याचं काम अकरा वर्षांच्या मुलाला द्या. दोन काड्या खुणेवर काटकोनात एकमेकींवर ठेवायच्या, सुती दोऱ्याचे तीन वेढे एका तिरक्या दिशेने, तीन दुसऱ्या तिरक्या दिशेने. इथवर सगळे करतात. त्यानंतरचे दोन वेढे मात्र विसरले जातात: दोरा दोन काड्यांच्या मधून, आधीच्या वेढ्यांभोवती फिरवून आवळायचा. त्यानेच गाठ घट्ट होते. ते वेढे नसतील तर चौकोन उचलताच पतंगासारखा तिरका होतो. चारही कोपरे झाले की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८.३ सेंमी भरले म्हणजे काटकोन बरोबर आला. पाच मिलिमीटरचा फरक चालून जातो, त्याहून जास्त असेल तर कोपरा दाबून सरळ करा आणि गाठीवर खळीचं बोट फिरवा. असे सहा चौकोन करून घ्या.

जोडणी जमिनीवर करा. चार चौकोन टोकावर उभे धरायचे आणि शेजारशेजारच्यांची बाजूची टोकं एकमेकांना बांधत गोल पुरा करायचा. चार गाठी. आता वर चार टोकं आली असतील. पाचव्या चौकोनाचे चार कोपरे त्यांना बांधा. कंदील उलटा करून सहावा चौकोन तसाच खाली. एकूण बारा गाठी. चौकोनांवर आधीच आकडे घालून ठेवले तर मुलांचा गोंधळ होत नाही.

सांगाडा पुरा झाला तरी तो हातात वळतो, दाबला की चपटा व्हायला बघतो. बांधणी चुकली असं समजून तो सोडवू नका. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन सोडतो, आणि इथे सहा चौकोन आहेत. म्हणून बाजूच्या चारही चौकोनांत कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोऱ्याची ताणलेली फुली बांधा आणि वरच्या चौकोनात ती ३१ सेंमीची काडी कर्णावर बसवा. सांगाडा लगेच ताठ होतो. खालचा चौकोन मोकळा ठेवायचा, बल्ब बदलायला हात तिथूनच जातो.

कागद पतंगाचा सगळ्यात चांगला, कारण उजेड आरपार येतो. विकत घ्यावा लागतो तो एवढाच. नेहमीच्या ५० × ७५ सेंमीच्या आसपासच्या तावात २२ सेंमीचे चौकोन सहा निघतात, आपल्याला बाजूंचे चारच लागतात. दुसऱ्या रंगाच्या तावात आठ त्रिकोण. त्रिकोणाचा साचा पुठ्ठ्याचा करून घ्या, काडीपासून काडीपर्यंत बाजू २० सेंमी आणि तिन्ही कडांना १ सेंमी दुमड. कोपऱ्यांना दुमड तिरकी छाटा, नाहीतर काड्यांची बाहेर आलेली टोकं कागद फाडतात.

आधी सगळे त्रिकोण लावा, दुमड काडीभोवती आत वळवून. मग चौकोन, त्यांची दुमड त्रिकोणाच्या कडेवरच बसेल. खळ नेहमी काडीला लावायची, कागदाला नाही. पतंगाचा कागद ओला झाला की लगदा होतो आणि त्याचा रंग बोटांना, बोटांवरून शेजारच्या कागदाला लागतो. लाल आणि जांभळा यात सर्वात वाईट. कागद ताणून चिकटवायचा मोह आवरा. वाळताना तो आक्रसतो. आधीच ताणलेला असेल तर मधोमध चिरतो किंवा हीर आत ओढून घेतो. हलका सैल ठेवला की वाळल्यावर आपोआप सपाट होतो. पंख्याखाली वाळवू नका, सावलीत दोनतीन तास पुरतात.

झिरमिळ्यांसाठी उरलेला कागद. ४५ सेंमी लांब पट्टी आठ पदरी दुमडून दीड सेंमी रुंदीने कातरायची, वरची तीन सेंमी न कापता सोडायची आणि तो भाग खालच्या चौकोनाच्या काडीला गुंडाळून चिकटवायचा. जोडांवरची ओबडधोबड कड झाकायला पांढऱ्या पाठकोऱ्या कागदाच्या कातरलेल्या पट्ट्या लावा. लांबून त्या लेससारख्या दिसतात. इथे लहान मुलाला मोकळं सोडावं, वेडंवाकडं कातरलं तरी कंदिलात खपतं.

टांगताना वरच्या चार कोपऱ्यांना ४० सेंमीच्या चार दोऱ्या बांधून एका गाठीत आणा. कंदिलाचा भार या दोऱ्यांवर, विजेच्या वायरवर कधीच नाही. होल्डर वरच्या कर्णावरच्या काडीला बांधा. बल्ब एलईडीच, पाच वॉटच्या आतला. भिंती मध्यापासून सगळीकडे किमान १४ सेंमी लांब आहेत, ते अंतर त्याला भरपूर आहे. जुना तारेचा बल्ब किंवा पणती या कंदिलात नको. वायर जोडण्याचं काम अर्थात मोठ्यांचं. आणि कंदील छपराखाली लावा. दिवाळीत एखादी सर येतेच, खळीचा कंदील पावसात टिकत नाही.

खळीचा हाच दोष नंतर कामी येतो. तुळशीचं लग्न झालं की कंदील उतरवा, ओलं फडकं काड्यांच्या कडेने फिरवा, दहा मिनिटांत कागद सोलून निघतो. मग जोडणीच्या बारा गाठी सोडा आणि सहा चौकोन एकावर एक ठेवून जुन्या पिशवीत माळ्यावर टाका. आधी राहिलेली खळ पुसून काढा, नाहीतर झुरळं येतील. पुढच्या वर्षी फक्त कागद आणि नवा दोरा.

किल्ल्याबद्दल थोडक्यात, कारण तो करायला मुलांना शिकवावं लागत नाही, फक्त तो का कोसळतो ते सांगावं लागतं. आतल्या भरावात पुठ्ठ्याची खोकी घालतात, ती मातीचं पाणी पिऊन दुसऱ्या दिवशी बसतात. आत विटा, दगड, उपड्या कुंड्या, जुने डबे घाला. गॅलरीत करणार असाल तर खाली जुनं फळकूट किंवा पोतं हवं आणि पाणी जायची जाळी मोकळी ठेवा. मातीने तुंबलेली मोरी दिवाळीत कोणालाच नको असते. ९० × ६० सेंमीची जागा आणि ४०-४५ सेंमी उंची दोन मुलांना पुरे.

भरावावर तागाचं पोतं चिखलात बुडवून अंथरायचं. चिखल भज्यांच्या पिठाइतका दाट. पोत्यामुळे उतारावरची माती घसरत नाही. त्यावर बोटभर जाडीचा लेप. काळी माती एकटी वापरली तर वाळताना आकसून मोठ्या भेगा पडतात. तिच्यात एकतृतीयांश वाळू किंवा कुंडीतली जुनी माती मिसळा.

कोणता किल्ला करायचा हे आधी ठरवलं तर बरं, नाहीतर सगळेच किल्ले एकाच ढिगासारखे होतात. राजगड मातीत छान उतरतो: मध्ये उंच बालेकिल्ला आणि त्याच्यापासून तीन दिशांना पसरलेल्या सुवेळा, संजीवनी आणि पद्मावती या तीन माच्या. नकाशा समोर ठेवून माच्यांची लांबी मोजून घ्यायला लावा, मोठ्या मुलाला त्यात गोडी लागते. तटबंदी ओल्या मातीची बोटाएवढी वळी करून, वरच्या कडेला आगपेटीच्या काडीने खाचा पाडून होते.

हिरवळीसाठी अळीव घ्या. दोन चमचे अळीव अर्ध्या वाटी पाण्यात अर्धा तास भिजवले की बुळबुळीत होतात आणि उतारावरही चिकटून राहतात. मोहरी उतारावर टिकत नाही, गडगडत खाली येते आणि सगळी हिरवळ पायथ्याशी उगवते; मोहरी सपाट जागेत पेरा. अळिवाला दोनतीन दिवसांत कोंब येतात आणि आठवड्याभरात बोटभर हिरवळ होते. म्हणजे वसुबारसेच्या आधी पाचसहा दिवस पेरणी व्हायला हवी. पाणी फवाऱ्याने किंवा हाताने शिंपडून, तांब्याने ओतलं की बुरूज वाहून जातात.

मावळे विकत आणायचे तर प्लास्टरचे टाळा, ते मातीत विरत नाहीत. शाडूचे घरी करता येतात. सात-आठ सेंमीपेक्षा मोठे नकोत, आत अर्धी टूथपिक घाला म्हणजे मान मोडत नाही. हात वेगळे करून चिकटवू नका, तेच पहिल्यांदा गळतात. अंगातूनच चिमटून काढा. सावलीत दोनतीन दिवस वाळवा, उन्हात ठेवलं की बाहेरून वाळून आत ओले राहतात आणि तडकतात. रंग गेरूचा किंवा साधे जलरंग. ऑइल पेंट लावला तर ती माती पुन्हा वापरता येत नाही. न रंगवलेले किंवा गेरूचे मावळे दिवाळीनंतर पाण्यात टाकले की पुन्हा शाडू तयार.

किल्ला मोडताना रस्त्यांवरची रांगोळी आधी खरवडून काढा, ती दगडाची भुकटी असते. उरलेली माती चाळून कुंड्यांत, अळिवासकट. पोतं धुऊन वाळवून ठेवा.

बाकी छोटी कामं. पणत्या नव्या असतील तर दोन तास पाण्यात भिजवून वाळवा, तेल कमी पितात. मुलांना रंगवायला द्यायच्या असतील तर फक्त बाहेरून, आणि काठाचा एक सेंटिमीटर सोडून. वातीजवळचा रंग जळून वास येतो. गेल्या वर्षीच्या तेलकट पणत्या गरम पाण्यात धुण्याचा सोडा टाकून रात्रभर ठेवल्या की साफ होतात, हे मात्र हातमोजे घालून मोठ्यांनी करावं.

रांगोळीसाठी तांदळाचं पीठ आणि हळद. हळदीत चिमूटभर खाण्याचा सोडा आणि दोन थेंब पाणी घातलं की ती डोळ्यांदेखत केशरी-लाल होते; मुलांना हा प्रकार पाच वेळा करून बघायचा असतो, हळद जरा जास्त काढून ठेवा. चुन्याने रंग आणखी गडद येतो, पण चुना डोळ्यात गेला तर डोळा भाजतो, लहानांसाठी सोडाच बरा. हळदीचा रंग उन्हात फिका पडतो, म्हणून ही रांगोळी दुपारी नको, संध्याकाळी काढा. बिटाचा रस पिठात घालू नका. पीठ ओलं होतं, गोळे होतात आणि दुसऱ्या दिवशी तपकिरी पडतं.

वेळेचा अंदाज: कंदिलाला चार दिवस धरा, रोज तासभर. पहिल्या दिवशी काड्या गुंडाळणं, दुसऱ्या दिवशी चौकोन आणि जोडणी, तिसऱ्या दिवशी कागद, चौथ्या दिवशी झिरमिळ्या. मुलं एका दिवसात आटपायचा आग्रह धरतील. ओल्या काड्यांवर बांधणी आणि ओल्या खळीवर दुसरा कागद हे दोन घोटाळे त्या घाईतच होतात. किल्ल्याची माती मधल्या दिवसांत, कंदील वाळत असताना भिजवायला घ्या.